बांधावरच्या चिंचेचा निकाल

बीदर, १२ फेब्रुवारी १९७६

ती. राजूबाई अक्कास,
श्रीमंतचा सादर जयभीम. वि. वि.

चिंचेच्या झाडाचा निकाल लागला. इंग्रजीत आहे, म्हणून मराठीत सांगतो. आपण जिंकलो नाही, शेजारच्या रानाचा सिद्धलिंगप्पाही जिंकला नाही. खोड नेमकं बांधावर असल्यानं मुन्सफसाहेबांनी झाड समाईक ठरवलं. चिंचा निम्म्या-निम्म्या. तुम्ही दोघं एकमेकांवर चोरीचा आळ घेता, म्हणून झोडणी आणि वाटणी दोघांनी समक्ष हजर राहून करायची. एक नसला तर दुसऱ्यानं झाडाला हात लावायचा नाही.

झाड तुझ्या सासऱ्यांनी लावलं, याचे साक्षीदार आपण दिले होते. कोर्टानं त्यांना शेवग्याच्या शेंगेसारखं चघळून टाकून दिलं. मी अपील लिहायलोय. तोवर निकाल पाळ, पण त्या माणसाशी एक शब्द बोलू नको. बोललेलं पुढं आपल्याच अंगावर येतं.

दाजींना जयभीम. माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा वकील भाऊ, श्रीमंत

निर्णा, २ मार्च

चि. श्रीमंतास,
अक्काचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

झोडणी सुरू हाय. तू म्हणलास तसं मी बोलले न्हाई. तो उगवतीला, मी मावळतीला, पाठीला पाठ. काही सांगायचं झालं की मी झाडाला सांगते, तो बैलाला सांगतो. काठी हळू मारायला सांग, असं मी झाडाला म्हणलं, तर काठी माझी हाय म्हणून सांग, असं तो बैलाला म्हणला. शेवटी बैलच कंटाळला आन् दावं तोडून पळाला. आम्ही दोघं त्याच्या मागं. जाताना सिद्धलिंगप्पाचा पाण्याचा तांब्या लवंडला.

तो बैल धरून आला तवा त्याला धाप लागली होती. माझा माठ तिथंच होता. पर त्याच्या घरानं आमच्या घरचं पाणी कधी घेतलं न्हाई, तुला ठाऊक हाय. मी विचारलं न्हाई. नको म्हणला असता तर माझ्या जिवाला लागलं असतं. तर त्यानंच माझ्याकडं तोंड केलं आन् म्हणला, “राजूबाई, पाणी दे.”

वरून ओतून न्हाई घेतलं. माझा तांब्या तोंडाला लावून पिला.

तर अपील करू नको.
भावजयीला आठवण सांग. अक्का

बीदर, ६ मार्च

ती. अक्कास, सा. जयभीम.

तुझं पत्र वाचून डोक्याला हात लावला. बैलामार्फत झालेलं बोलणं पुराव्यात येत नाही, एवढंच बरं. अपील तयार आहे, मुदत संपायली. माणूस उन्हात तहानला की कुणाचंही पाणी पितो, उद्या विसरतो. तेवढ्यावर झाड सोडायचं का? नीट विचार कर.
रागावू नकोस. श्रीमंत

निर्णा, ९ मार्च

चि. श्रीमंतास, जयभीम, आशीर्वाद.

तहान म्हणतोस. मला बी तसंच वाटलं होतं. पर दुसऱ्या दिवशी सिद्धलिंगप्पा अण्णांनी घरून तांब्याच आणला न्हाई. तिसऱ्या दिवशी बी न्हाई.

गावात बोलणं निघालं. त्यांचे चुलते वीरण्णा ओरडत रानात आले, हिचं पाणी कामून पितोस म्हणून. अण्णा चिंचा वेचत म्हणले, कोर्टाचा हुकूम हाय, झाडाखालचं समदं समाईक, पाणी बी. मोडलं तर जेल. वीरण्णा आल्या वाटेनं परतले, पर बीदरला येऊन तुला विचारणार म्हणत्यात.

तसा हुकूम न्हाई, हे मला कळतंय. आता तू काय सांगायचं ते सांग.
तुझी अक्का

बीदर, २० मार्च

ती. अक्कास, सा. जयभीम. वि. वि.

वीरण्णा काल येऊन गेले. निकालात पाण्याचं आहे का, असं विचारत होते. मी चष्मा पुसला, निकाल उघडला, बराच वेळ वाचत बसलो. मग सांगितलं की कायद्याची भाषा अवघड असते, पण अर्थ तसाच निघतो. त्यांनी विचारलं, याच्यावर अपील होतं का.

मी म्हणालो, मुदत गेली.

चिंच पाठव, घरात संपली आहे. जीव लावलास तसाच लावत राहा.
श्रीमंत