परवान्यावरचं आडनाव

६ ऑक्टोबर
उद्या सकाळी इंका वाटेचे पुढच्या वर्षीचे परवाने खुलतात. मे महिना तर दुपारपर्यंतही टिकत नाही. या वेळी आत्याच्या सहल-कंपनीचं बुकिंग माझ्याकडे — तिनं स्वतः खुर्ची सोडली. म्हणाली, "आठ पाहुणे आहेत. मे महिन्यात इंका वाटेनं माचू पिक्चूला पोचवायचेत. परवाने नीट झाले तर त्यांच्याबरोबर तू जाशील, वाटाड्या म्हणून. एक अक्षर चुकलं तर पुन्हा स्लीपिंग बॅगा धुवायला."
वाटाड्याचं ओळखपत्र मिळून वर्ष झालं. अजून त्याला वाटेची धूळही लागलेली नाही.
पासपोर्टच्या प्रती पुन्हा वाचल्या, मोठ्यानं. आत्या आतून म्हणाली, "पोरी, नावं वाचतेस की जपमाळ ओढतेस?"

७ ऑक्टोबर
मिळाले! आठही!
एकच गोष्ट टोचली. नॉर्वेचे दोघं आहेत — तोर्मोड हाउगेन आणि सोलवेग ब्रेक्के. दोघांना एकेकच आडनाव. दुसऱ्या आडनावाची चौकट रिकामी सोडावी लागली. लहानपणी शाळा लांब, खाली खोऱ्यात. म्हणून बाबांनीच मला घरी अक्षरं शिकवली. पहिलं काय लिहायला शिकवलं, तर पूर्ण नाव. नियेवेस आउकापुमा चाम्पी. "एक बापाचं, एक आईचं. एक गाळलं तर माणूस लंगडा."

२० जानेवारी
सोलवेगचं मेल. मार्चमध्ये तिचं आणि तोर्मोडचं लग्न आहे. मग ती हाउगेन होणार, पासपोर्टही नवा येणार. "काही अडचण नाही ना?"
दोनदा वाचलं. लग्न करायचं तर बापाचं नाव कशाला टाकायचं? आई अजून चाम्पीच आहे. आत्यानं नवरा केला, नवरा पुरला, तरी ती आउकापुमाच.
आत्या हसली. "त्यांच्याकडे बायका बदलतात नाव. गेल्या वर्षी एकाच आडनावाचे दोघं बघून तू त्यांना बहीणभाऊ ठरवलंस. वेगवेगळे तंबू दिलेस नवराबायकोला."
विसरले नव्हते. इथे कोणी विसरू देत नाही.
तिचा सल्ला — लिहून टाक, जुना-नवा दोन्ही पासपोर्ट आणा, संपलं. पण जुना घरी राहिला तर? वाटेच्या गेटवर परवाना आणि पासपोर्ट जुळवून बघतात, तिथे काय करायचं?

२२ जानेवारी
सोलवेगला लिहिलं — लग्न झालं की त्याचा कागद पाठवा, मी परवान्यावरचं नाव लगेच बदलून घेते. आणि शेवटी, का कोण जाणे, बाबांचं ते वाक्यही लिहिलं. आमच्याकडे मुलांना असं शिकवतात, एवढंच.
पाठवल्यावर लाज वाटली. पाहुण्यांना धडे द्यायला कोणी सांगितलं होतं?

२८ मार्च
कागद आला. लगेच परवान्यांच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसानं नाव बदललं — हाउगेन. वर ताकीद: "बदल एकदाच होतो, सेन्योरिता. पुन्हा आलात तर मी तुम्हाला ओळखत नाही." पासपोर्टचा नवा नंबर आला की कळवायचा.
आत्याला हे पसंत नाही. "नीट होतं ते तू आणखी नीट केलंस."

९ एप्रिल
नंबर विचारला होता. सोलवेगचं उत्तर नाही.

१४ एप्रिल
पुन्हा विचारलं. नाही.

१९ एप्रिल
आलं! एकच ओळ. "नंबर तोच आहे, आधीचा."
म्हणजे त्यांच्याकडे नाव बदललं तरी नंबर बदलत नाही. शहाणे लोक. कचेरीत कळवून आले. आता काही राहिलं नाही. खरंच काही राहिलं नाही — दोन वेळा शोधून पाहिलं.
या फेरीला हमालांचे म्होरके बाबाच आहेत. संध्याकाळी बुटांना तेल लावत होते — माझ्या. म्हणाले, "तू पाहुण्यांना घेऊन पुढे चालशील. मागे वळून बघू नकोस. बघितलंस तर मला हसू येईल, आणि पाठीवर ओझं असताना हसता येत नाही."

१३ मे
आठही जण आले. पुढच्या खोलीत कोकाच्या पानांचा चहा, खिडकीवर वाळत घातलेले मोजे, सगळे खुशीत. मी पासपोर्ट गोळा केले. सोलवेगचा उघडला — ब्रेक्के.
"हा जुना. नवा द्या."
ती हसली. "नवा काढलाच नाही. कागद पाठवला तेव्हा हेच नाव ठेवायचं ठरलं नव्हतं. मग तुझं मेल माझ्या वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी नाव ठेवून घेतलं. तुला समोरासमोर सांगायचं होतं."
आत्यानं कप खाली ठेवला.
परवान्यावर हाउगेन, पासपोर्टवर ब्रेक्के. गेटवर सोडणार नाहीत. सोलवेगला ते मीच सांगितलं, तोर्मोडच्या देखत. तिचं हसू हळूहळू गेलं, ते बघवेना.

१४ मे
कचेरी उघडायच्या आधीच दारात. तोच माणूस. सगळं ऐकून घेतलं. "सांगितलं होतं," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.
आत्या आणि मी चढ चढून परत आलो. दारात किल्ली लावताना आत्या म्हणाली, "बाकीच्या सातांना एफ्राइन नेईल. आधी दहा वर्षं तोच नेत होता. सोलवेगला तू लारेसच्या वाटेनं ने. तिकडे परवाना लागत नाही. पुढे आगगाडीनं माचू पिक्चू."
"मी एकटी?"
"तिला नावाचं ते मेल आणखी कोणी लिहिलं होतं का?"
मग दार उघडून: "नीट ने तिला."
म्हणजे बाबा तिकडे, मी इकडे. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तरी मागे बघायचं नाही."
सोलवेगचं माचू पिक्चूचं तिकीट नव्यानं काढलं. पासपोर्ट समोर ठेवून.

१५ मे
पहाटे सगळे एकाच गाडीतून निघालो. बाकीचे गेटवर उतरले. तोर्मोडही उतरला, सोलवेगला मिठी मारली, रांगेत जाऊन उभा राहिला. आम्ही गाडी वळवून घेत होतो. तेवढ्यात तो रांगेतून बाहेर आला. हमालांच्या गाठोड्यांपाशी गेला, बाबांना हातानंच काहीतरी सांगितलं, आणि आपली पिशवी सोडवून घेतली. गाडीत येऊन बसला.
"तुझा परवाना चांगला होता की," सोलवेग म्हणाली.
"हो," तो म्हणाला. "सरक जरा."
बाबा खिडकीपाशी आले. मला आमच्या क्वेचुआ बोलीत म्हणाले, "इतकी वर्षं ओझी वाहिली. ओझं परत मागणारा पहिलाच."

१६ मे
खिंड. वारा. वाटसरूंनी रचलेल्या दगडांच्या राशीवर आपला एक दगड ठेवायचा आणि डोंगराला आपलं पूर्ण नाव सांगायचं, असं मी दोघांना सांगितलं. आधी मी ठेवला. मग सोलवेगनं. वडिलांचं सांगितलं, थांबली, मग आईचंही — सोलवेग ब्रेक्के मोएन.
तोर्मोडनं दगड शोधायला वेळ लावला. "तोर्मोड हाउगेन ब्रेक्के."
दुसरं आईचं असतं. बायकोचं नव्हे.
मी दुरुस्त केलं नाही.