गंगी आणि मार्चअखेर

६ जानेवारी २००३, सोमवार

चन्नम्मा श्रीशैल तेलसंगे — तुझे हे संपूर्ण नाव हयातीत मी कितीदा उच्चारले असेल? आज महापालिकेत उच्चारले, मृत्यूच्या दाखल्यासाठी. लिपिक म्हणाला, ‘मोठ्यानं सांगा की, पावणं!’ मोठ्याने सांगितले.

तू लिंगैक्य होऊन महिना झाला. घरी आलो, तो तुझी कुत्री गंगी दाराच्या फटीला नाक लावून बसलेली. मला पाहून तिने शेपूटही हलवली नाही. ती दुसऱ्या कुणाची वाट पाहत होती.

ताटलीत दूधभात तसाच. ‘तिला बघा’ — शेवटी एवढेच म्हणाली होतीस. मला वाटले होते, मुलाविषयी काही सांगशील.

१२ जानेवारी, रविवार

गंगी खात नाही. दूधभात, तूपपोळी — सर्व नाकारते. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, ‘वय झालंय. रोज सलाईन लावावं लागेल, आणि पोटात काहीतरी गेलं पाहिजे. खर्च वाढत जाईल, सर. विचार करा.’ करसल्लागारास खर्चाचा विचार करावयास सांगतात! सलाईन सुरू करा म्हणालो.

रात्री महांतेशचा पुण्याहून दूरध्वनी. ‘आप्पा, भाड्याचं घर कशाला ठेवायचं आता? पाडव्याच्या आत इकडं या. फक्त आमच्या सोसायटीत कुत्रं चालत नाही हां.’

मग गंगीचे काय?

‘सिद्धाप्पाकाकांच्या गोडाऊनला द्या. तिथं चार आहेतच की.’

१७ जानेवारी, शुक्रवार

सिद्धाप्पा कार्यालयात आले. गुळाचे अडते, माझे सर्वांत जुने अशील. खुर्चीत बसण्याआधीच — ‘द्या की सर, आमच्याकडं! साखळीला बांधतो. राखणीचं कुत्रं म्हणून दाखवूया, तिचं औषधबी धंद्याच्या खर्चात. तुम्हीच शिकवलंय न्हवं?’

शिकवले खरे. त्यांच्या चारही कुत्र्यांचा खर्च दरवर्षी मीच वजा करून देतो, आणि ते नियमास धरूनच आहे. अनोळखी माणसावर जे भुंकते, त्याला कायदा ओळखतो. तुझ्या आजारपणात जे पलंगाखालून हलले नाही, त्याला ओळखत नाही.

गंगी तर चोरालाही आतपर्यंत सोबत करील. तिला राखणदार म्हणणे असत्य ठरेल. नको म्हणालो.

२५ जानेवारी, शनिवार

करसल्लागारांच्या मंडळाची बैठक. अर्थसंकल्पापूर्वी आम्ही दिल्लीस सूचना पाठवतो. मी उभे राहून माझी वाचली — कुटुंबाने पाळलेल्या प्राण्याच्या औषधोपचाराचा खर्च, आश्रिताच्या उपचारखर्चाप्रमाणेच, करपात्र उत्पन्नातून वजा व्हावा. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांवर आजारी जनावर रस्त्यावर सोडण्याची पाळी येऊ नये.

मागून कृष्णात माने — ‘उद्या म्हशीला पेन्शन मागाल, सर!’

हशा! चहा हिंदकळेपर्यंत हसले सगळे. अध्यक्षांनी माझ्या वयाचा मान राखून सूचना यादीच्या शेवटी घेतली. मी आभार मानले. बाहेर स्कूटर सुरू होईना. घरापर्यंत ढकलत आणली.

२ फेब्रुवारी, रविवार

आज हे काय ऐकले!

खालच्या मजल्यावरच्या बायडाबाई जिन्यात भेटल्या. मी सांगितले, गंगीने शोकाने अन्न सोडले आहे.

‘अवो सर, शोक न्हाय, भूक हाय ती! दूधभात कवा खात हुती ती? वयनी रोज दुपारी खाली आणायच्या की तिला. अंडी, कलेजी — मी शिजवायची, आन् वयनी पायरीवर बसून घालायच्या. नाकाला पदर लावून!’

‘मला कधी बोलली नाही.’

‘कशाला बोलतील? तुमची पूजा, तुमचं सोवळं. म्हणायच्या, सरांना कळलं तर आमा दोघींनाबी भाईर काढतील!’ आणि मोठ्याने हसल्या.

मला हसता आले नाही.

त्यांनी पुढेही खाऊ घालावे, असे मी सुचवले. पण त्या उद्याच हातकणंगल्यास निघाल्या — लेकीचे बाळंतपण.

चन्नम्मा, काढले असते का मी बाहेर? तुला तसे वाटत होते, एवढे खरे.

३ फेब्रुवारी, सोमवार

आयुष्यात प्रथम अंडी विकत घेतली. कोवळ्या बाळासारखी रुमालात धरून आणली. देवघराचा पडदा ओढला. तुझ्या भांड्यांना हात लावला नाही. कार्यालयातले चहाचे पातेले आणले होते, त्यात उकडली. वास घरभर पसरला. अखेर दोरीवरचे तुझे पातळ नाकाशी धरले. अजून तिथेच आहे ते.

गंगीने हुंगले, मान फिरवली. तेव्हा तिला जेवू घालतानाचे तुझे कानडी शब्द आठवले. मी घरात कटाक्षाने शुद्ध मराठी बोलणारा — खाली फरशीवर बसून म्हणालो, ‘ऊट माडु, गंगी. जेव गं.’

खाल्ले तिने.

१० फेब्रुवारी

दोन अंडी. शेपूट हलली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्थसंकल्प. कागद-पेन घेऊन भाषण अथपासून इतिपर्यंत ऐकले. आमच्या सूचनेचा उल्लेख नाही. नसणारच होता. तरीही कान लावून बसलो होतो. गंगी माझ्या पायावर हनुवटी ठेवून घोरत होती.

१६ मार्च, रविवार

महांतेश सामानासाठी टेम्पो ठरवायला आला. सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला टांगलेली पाहून दारातच थबकला.

‘आप्पा, किती दिवस काढणार आहे ती?’

‘डॉक्टर म्हणतात, पावसाळा पाहणार नाही.’

‘आणि तेवढ्यासाठी?’

‘तेवढ्यासाठीच.’

तो आवाज चढवून म्हणाला, ‘सकाळी सलाईन, दुपारी अंडी — ऐन मार्चअखेरीला! अशील दारात ताटकळतात, काका सांगत होते मला. काहीतरी एक सोडावंच लागेल तुम्हाला.’

बरोबर बोलला. पाडव्यापूर्वी निर्णय कळवा म्हणाला आणि न जेवता गेला. आईच्या फोटोसमोर मात्र बराच वेळ उभा होता.

३१ मार्च, सोमवार

सर्व अशिलांचे काम कृष्णात मान्यांकडे सोपवले. या खेपेस ते हसले नाहीत. टेम्पो नको, असे महांतेशला कळवले. शाहूपुरीतील कार्यालयावरची पाटी उतरवली, चहाचे पातेले घरीच राहू दिले. जुडग्यातून राहत्या घराची किल्ली काढून खिशात ठेवली. कार्यालयाच्या दाराला कुलूप लावले. किल्ल्या जागामालकांस परत केल्या.