विहिणीला मागे उभं करून

४ ऑगस्ट १९७९
लिदाचं लग्न अठराला. विहीण अवगुस्ता पावलोव्हना येऊन म्हणते, स्टुडिओतल्या फोटोवाल्याला मी सांगून ठेवलंय. हिला विचारलं कोणी? मुलगी माझी. लग्न झालं की गेना तिला मुर्मान्स्कला नेणार, पार बर्फात. सोबत अल्बम जाणार, तो मीच करणार. फोटोवाला रद्द.

७ ऑगस्ट
स्मेना घेतला. स्वस्तातला कॅमेरा, काळं प्लास्टिक. दुकानदार म्हणाला, शाळेतली पोरंसुद्धा वापरतात. सूतगिरणीत चोवीस वर्षं यंत्रं चालवतेय, मला न यायला काय झालं?

९ ऑगस्ट
माहितीपुस्तक वाचलं नाही. अक्षरं बारीक. काचेभोवती चित्रं आहेतच: एक डोकं, दोन माणसं, घोळका, डोंगर. डोंगरावर लावून ठेवला. डोंगर मावतो तर लिदा मावणार नाही?

१८ ऑगस्ट, सकाळ
आज विहिणीला वाकडं बोलायचं नाही. ठरलं.

संध्याकाळ
विहीण हिरवा झगा घालून मिरवत होती. म्हटलं, मागे व्हा, मुलगी झाकली जातेय. दर फोटोला मागे हाकलली. कँटीनभर पाहुणे रिवाजाप्रमाणे ‘दारू कडू! कडू!’ ओरडले, ती गोड करायला नवरा-नवरीने मुका घेतला, मी अगदी जवळ जाऊन टिपला. लिदा म्हणाली, आई, ठेव तो डबा, ये ना माझ्याजवळ. म्हटलं, नंतर. विहीण म्हणाली, आणा इकडे, मायलेकींचा एक काढते. म्हटलं, मासे खाल्लेले हात लावू नका. हात पुसत मागे गेली. जिरवली.

२३ ऑगस्ट
रीळ धुवायला त्याच फोटोवाल्याकडे द्यावं लागलं. छत्तीसांतले चौदा आले. पुढे लिदा-गेना, नुसतं धुकं. मागे विहीण, दात मोजून घ्या. तो म्हणाला, काकू, डोंगराचं चित्र लांबच्या वस्तूंसाठी असतं. म्हटलं, अक्कल नको शिकवू, परत धू.

२५ ऑगस्ट
गाडी सुटली. अल्बम दिला. लिदाने उघडला, मिटला, गळ्यात पडून रडली. म्हणजे आवडला.

१४ ऑक्टोबर
लिदाचं पत्र. शेजारणींनी अल्बम पाहिला. म्हणाल्या, तुझी आई किती हसरी गं. लिदा म्हणाली, ती सासू. त्या म्हणाल्या, मग आई नव्हती आली लग्नाला? लिदाने लिहिलंय, सांगून सांगून थकले, तुझा एक फोटो पाठव.
घर उलथंपालथं केलं. माझा एकही नाही.

१६ ऑक्टोबर
स्टुडिओत जाणार नाही. मेले तरी नाही. कॅमेरा घेऊन अवगुस्ता पावलोव्हनाच्या दारात गेले. काही न विचारता तिने घेतला, खिडकीपाशी उभं केलं. म्हणाली, हसा की, विहीणबाई.
तीनदा म्हणाली. हसू येईना.