गच्चीवरची दोरी आणि तुझा कागद

तीर्थस्वरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही धडधाकट आहोत. तुझी कंबर आणि वहिनींचे गुडघे ताळ्यावर आले असतील अशी आशा करते. अभ्यासाला शांतता हवी म्हणून इथे आलेल्या तुझ्या चिरंजीवांच्या हाती तू पाठवलेला कागद मिळाला. बाबांच्या घरातला माझा वाटा मी राजीखुशीने सोडते, असं त्यावर लिहिलंय आणि खाली सहीला जागा आहे. सहीचं बघू. आधी चिरंजीवांनी इथे काय दिवे लावले ते ऐक, कारण माझं डोकं अजून तापलेलं आहे.

लॉजच्या चादरी धुऊन मी घर चालवते (ह्यांचं पेन्शन ह्यांच्या औषधांनाच पुरत नाही) आणि लग्न होऊन आले तेव्हापासून त्या गच्चीवरच्या दोरीवर वाळायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला आता तिथे कुंड्या मांडायच्यात, म्हणून त्याने बिल्डिंगची मीटिंग बोलावली. म्हटलं, कायदा शिकणारा भाचा घरात असताना मी कशाला भिऊ? त्याला कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुढे केलं. (तो बोलायला उभा राहिला तेव्हा माझा ऊर भरून आला होता, आता लाज वाटते.) तर हा घरचा भेदी म्हणतो कसा, आत्याला दोरीचा हक्क नव्हताच, नुसती मुभा होती, कुणी अडवलं नाही म्हणून ती वाळत घालत होती, हक्क असता तर तिची दोरी राखणं तुम्हा सगळ्यांवर बंधनकारक असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरने त्याला चहा दिला आणि मेल्याने तो प्यायलाही.

दुसऱ्या दिवशी दोरी गेली. आता ओल्या चादरी दारांवर, कपाटांवर, पंख्यावर. हे कुठल्या तरी चादरीमागून हाका मारतात आणि मी आवाजाच्या अंदाजाने चहा नेऊन देते. कुबट वास येतो म्हणून लॉजवाल्याने गठ्ठा परत पाठवला, काम काढून घेईन म्हणाला. संतापून मी चिरंजीवांचं ताट उचललं. म्हटलं, इथे जेवायचीही तुला मुभाच होती. त्यावर रागवायचं सोडून तो खूश झाला, म्हणाला, "आत्या, बरोबर समजलीस." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? (रात्री वाढलं. तोंड अगदी एवढंसं झालं होतं.)

तुझी धाकटी बहीण

ता. क. वाढताना त्याला विचारलं, मग या जगात माझा हक्क म्हणावा असं आहे तरी काय? हातातला घास त्याने ताटात ठेवला. मग खाली मान घालून म्हणाला, "माझ्या बाबांनी पाठवलेला कागद बघ. जे तुझं नाही ते सोडायला कुणी सही मागेल का?"

ता. क. पुन्हा. सही केलेली नाही. मागचं अंगण मोकळं करून ठेव, तिथे दिवसभर ऊन असतं. सोमवारी सकाळच्या बसने ह्यांना आणि चादरींना घेऊन येते. आणि दादा, या वेळी वहिनींना सांग, परत कधी जाणार असं विचारायचं नाही.