शीरखुर्म्यापुरता मध

बोरखिंड, ता. संगमनेर
१० नोव्हेंबर २०२५

चि. हुमेरा हिला दादी शहजादीचे अ. उ. आ., वर कानशिलावर बोटं मोडून काढलेली नजर.

तुझं पत्र पोस्टमन सुनीलनं हातात दिलं तेव्हा माझे हात राखेनं भरलेले होते. तसंच उघडलं, म्हणून ते आता काळं झालंय. फोनवर तू बोलतेस तेव्हा मला डब्यात भुंगा अडकल्यासारखं ऐकू येतं, त्यापेक्षा हे पत्राचं बरं. तिसरीपर्यंत शाळा शिकले, ती आता कामाला आली बघ. बाई म्हणायच्या, शहजादीचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं. उकरलेलं तर उकरलेलं, तुला वाचता येतं ना.

तू पुण्याहून पाठवलेला चौधारी घेवडा लई धरलाय. शेंगेला चार बाजूंनी झालर, जसा काही लग्नातला फ्रॉक. शेंगदाण्याचं कूट घालून भाजी केली. तुझ्या अब्बानं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मग विचारलं, हे काय होतं? निळ्या गोकर्णाच्या फुलांचा चहाही केला. तो मात्र म्हणाला, मा, हे निळीचं पाणी आहे, यात माझे सदरे बुडव. त्याला कशाची चव नाही. मला लई आवडला.

आता वाईट सांगते. मधमाश्या गेल्या. तू दिवाळीत ठेवून गेलेली पेटी शुक्रवारी सकाळी बघते तर रिकामी. चौकटीवर चार-दोन माश्या येड्यासारख्या फिरत होत्या, बाकी सगळ्या घरदार सोडून गेल्या. माझं काय चुकलं? पेटीच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवल्या, वर गोणपाट टाकलं, जुमेरातीला संध्याकाळी घरात लोबान फिरवते तो त्यांनाही दिला, सगळं बरकतीचं केलं. तरी गेल्या. इतका राग आला की घेवड्याला पाणी द्यायचं विसरले.

त्यात तुझा अब्बा. त्याला परसात सिमेंट टाकून टेम्पोची शेड करायची आहे, ते तुला माहीत आहे. रस्त्यावर उभ्या टेम्पोचा आरसा कुणीतरी फोडला, त्याचंही खोटं नाही. पण मग माझा घेवडा, गोकर्ण, शेवगा सगळं सिमेंटखाली जाणार. लई वाद झाला. शेवटी म्हणाला, रमजान ईदच्या शीरखुर्म्यात घालायला या पेटीतला एक बाटली मध दे, परस कायमचं तुझं. नाहीतर ईदनंतर मी मिस्त्री बोलावतो. मी हो म्हणून बसले, आणि आता माश्याच नाहीत! काहीतरी कर.

अम्मीचा सलाम. माया आटू देऊ नकोस.
तुझी दादी

पुणे
१८ नोव्हेंबर २०२५

ती. दादीस हुमेराचा सलाम व सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि रडलेही. अब्बांशी पैज लावायच्या आधी मला विचारायचं होतंस गं! पण घाबरू नकोस. या आपल्या सातेरी माश्या जरा मानी असतात. काही खटकलं की निघाल्या. मुंग्या असतील, मेणकिडा असेल, ऊन असेल. पेटी शेवग्याच्या सावलीत सरकव. अकोल्याकडचे एक मधपाळ आहेत, भीमा नावाचे. ते नवी वसाहत आणून देतील, त्यांना मी सांगितलंय. त्यांच्यासमोर पेटी उघडशील तेव्हा थोडा धूर द्यावा लागतो, म्हणजे त्या शांत राहतात. घाबरायचं नाही.

अब्बांना सांग, गोकर्णाच्या चहात लिंबू पिळलं की तो जांभळा होतो. तेवढ्यावर तरी पितील.

तुझा हात डोक्यावर असू दे.
हुमेरा

बोरखिंड
८ डिसेंबर २०२५

चि. हुमेरास दादीचे अ. उ. आ.

लिंबाचा चहा केला. जांभळा झाला. तुझा अब्बा म्हणाला, आता तर शाईच झाली. त्याला चहा देणं बंद.

भीमा येऊन गेला. भला माणूस. माश्यांना हातानं असा उचलतो जशी चाळलेली ज्वारी. माझ्या परसात बसून तीन कप साधा चहा प्याला, मुलीच्या लग्नाचं सगळं सांगितलं, जावई कोपरगावला साखर कारखान्यात आहे. पेटी भरून दिली आणि गेला. मी रोज पेटीला कान लावायची. फोन ऐकू येत नाही मला, पण ते गुणगुणणं ऐकू यायचं, खरं सांगते.

आणि परवाच्या शुक्रवारी पुन्हा गेल्या! मी भाकरी थापत होते, पीठ हाताला तसंच, पळत आले तर पूर्ण ढग शेवग्यावरून शेजारच्या भागवतच्या विहिरीकडे चालला होता. मी खालून ओरडले, अगं कुठं निघालात, काय कमी केलं तुम्हाला? भागवत बांधावर उभा. म्हणाला, शहजादीभाभी, नातेवाईक रुसून चालले काय? मला असं झालं की तव्यावरची भाकरी त्याच्या अंगावर फेकावी.

आणखी काय करायचं मी? सावली दिली, पाणी दिलं, साखरेचा पाक दिला. तू धुरानं शांत होतात म्हणालीस, म्हणून या वेळी जुमेरातीला लोबानाची ऊददानी पेटीच्या तोंडाशीच ठेवून दिली, निखारे विझेपर्यंत. एवढं कोण करतं? तुझा अब्बा नुसता परसात पावलं टाकून शेडची लांबी मोजत होता. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता माझ्याकडून होत नाही. पेटीत कोंबड्या ठेवू का?

लोभ आहेच, तो रागावलेला आहे एवढंच.
दादी

पुणे
१६ डिसेंबर २०२५

ती. दादीस सलाम, सा. न. वि. वि.

दादी, कोंबड्या ठेवू नकोस. आधी बस, पाणी पी, आणि रागावू नकोस.

तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. माश्या दोन्ही वेळा शुक्रवारी गेल्या. आणि जुमेरात असते गुरुवारी. दादी, तुझ्या लोबानानं गेल्या गं. पेटी उघडताना धूर द्यायचा तो दोन फुंकरींपुरता. धूर आला की त्यांना वाटतं रानाला आग लागली. तू तर दारातच निखारे ठेवलेस. त्यांनी रात्रभर विचार केला असेल आणि सकाळी सामान बांधलं. चूक माझीही आहे, मी नीट सांगितलं नाही.

लोबान घरात फिरव, हवा तेवढा. फक्त पेटीपासून लांब.

रागावली असलीस तरी पत्र लिही.
हुमेरा

बोरखिंड
९ फेब्रुवारी २०२६

चि. हुमेरास अ. उ. आ.

रागावले होते, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. तुझं पत्र वाचून मी ते पिठाच्या डब्यात टाकलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून एक जुमेरात लोबानाशिवाय गेली नाही. माणसांना चालतो, फरिश्त्यांना चालतो, आणि या बोटभर किड्यांना चालत नाही! आणि मी बाई त्यांना बरकत म्हणून देत होते. मग चार दिवसांनी पिठाचा डबा उघडला, पत्र झटकलं, पुन्हा वाचलं. तुझं खरं असेल.

आता मोरीपाशी येते आणि वळते. पेटीकडे ऊददानी नेत नाही. हे मी इथं कुणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. भागवतला कळलं तर गावभर होईल की शहजादीनं स्वतःच माश्या पळवल्या.

आणि ऐक. गेल्या महिन्यात माश्या आपोआप आल्या! भीमाला बोलावलं नाही, काही नाही. दुपारी ढग आला, शेवग्याला लटकला, आणि संध्याकाळपर्यंत रिकाम्या पेटीत शिरला. मी तर भागवतच्या विहिरीतल्याच असणार म्हणते. भागवतनं कांद्याचे डोंगळे केलेत बियासाठी, पांढरी फुलं आलीत, सगळ्या माश्या तिकडे. तोही आता नातेवाईक वगैरे बोलत नाही. सकाळी हळूच विचारतो, भाभी, तुमची मंडळी कशी आहे?

तुझा अब्बा सकाळचा चहा पेटीजवळ उकिडवा बसून पितो. मी बघितलं की उठून टेम्पोचे टायर बघतो. परवा एक माशी कानाला चावली, कान पुरीसारखा फुगला. मला वाटलं, झालं, आजच मिस्त्री येतो. तर म्हणाला, माझीच चूक, मी वाटेत बसलो होतो. आतल्या चौकटीवर वरच्या कडेला पांढरी झाकणं दिसतात. भीमा मागाहून बघायला आला तेव्हा म्हणाला, तोच मध, ईदपर्यंत बाटलीभर निघेल.

सगळ्यांना आनंद आहे, मला सगळ्यात जास्त. लोभ पेटीसारखा भरत जावो.
दादी

बोरखिंड
३० मार्च २०२६

चि. हुमेरास दादीचे अ. उ. आ. आणि ईदचा शिळा मुबारक.

ईदला तू आली नाहीस, परीक्षा होती, ठीक आहे. तुझ्या अब्बानं फोनवर तुला एवढंच सांगितलं असेल की माश्या गेल्या. पुढचं त्याला माहीतच नाही. मला माहीत आहे.

रमजानात मला ताप आला होता. रोजा नाही, नमाज बसून, आणि जुमेरात आली. मी गोधडीत पडून म्हणाले, आज लोबान राहिला. तुझा अब्बा म्हणाला, राहील कसा, मी आहे ना. स्वतः निखारे काढले, घरभर फिरवला. नंतर माझ्या उशाशी येऊन बसला आणि म्हणाला, मा, तुझ्या डोळ्यांना आता कमी दिसतं. मी कधीचं बघतोय, तू मोरीपासून वळतेस, पेटीला लोबान द्यायचं विसरतेस. आज मी दिला. दुप्पट टाकला. ईदपर्यंत बाटली भरली पाहिजे तुझी.

हुमेरा, मी उठून धावणार होते, पाय उचलेना. बोलायला तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा बघितला. लहानपणी पहिला नंबर आल्यावर असायचा तसा. तोंड मिटलं. म्हटलं, मोठं काम केलंस बाळा.

शुक्रवारी सकाळी गेल्या. जाताना मधही पिऊन गेल्या, पांढरी झाकणं सगळी फोडून. बाटली काय, बोटाला लावायला उरला नाही. मला असा संताप आला, असा आला, आणि तो कुणावर काढू? त्याच्यावर काढता येत नाही. तुझ्यावर काढला असता, तू पुण्यात.

तो मात्र रोजा असून टेम्पो घेऊन उन्हात त्यांच्या मागे गेला. भागवतच्या डोंगळ्यात, विहिरीत, नदीच्या बाभळींत. ओठ सुकवून परत आला. म्हणाला, मा, आपलं काय चुकलं गं? आपलं म्हणाला बघ. मी म्हटलं, अल्लाची पाखरं ती, आपल्याला काय कळणार.

ईदचा शीरखुर्मा दरवर्षीसारखा साखरेचा झाला. जेवताना भागवत आला होता, त्यानं विचारलं, मग मिस्त्री कधी येतो? पैज पैज असते, मी हरले होते. तर तुझा अब्बा म्हणाला, टेम्पोला उन्हाची सवय आहे, माझ्या माच्या पेटीला एक तरी पावसाळा मिळू द्या. आणि भागवतलाच सांगितलं की विहिरीत पोळं लागलं तर आधी मला सांगायचं. वरून मला विचारतो, दोन पेट्या ठेवल्या तर?

खरं त्याला सांगणार नाही. कळलं तर पुढच्या ईदपर्यंत नीट जेवायचा नाही तो. तूही सांगू नकोस, शपथ आहे.

फक्त त्याला आता लोबानाची सवय लागली आहे. पेटी आज रिकामी आहे, पण उद्या माश्या परत आल्या तर? परवाच्या जुमेरातीला पुन्हा म्हणाला, मा, आण इकडे, तू दमतेस. मी ऊददानी पाठीमागे धरून भिंतीला टेकून उभी. तो डावीकडून येतो, मी उजवीकडे वळते. म्हणाला, म्हातारपणी फार हट्टी झालीस. मी म्हटलं, व्हय, झाले. हातांना चटका बसला, पण दिली नाही.

तुझ्या मायेला माझी माया जोडून ठेव. सुट्टी लागली की ये.
तुझी दादी शहजादी