पाववाल्याची ओळखपरेड

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वहिनीचा गुडघा आता बरा असेल. तू विचारलंस म्हणून सांगते, नवीन केस घेतली आहे आणि हो, तिच्यात कुत्रा आहे. पण आधी अशील आला, कुत्र्याचं मागाहून कळलं. हे वहिनीलाही सांग, नाहीतर ती गावभर करेल.

अशील पाववाला आहे. पहाटे सायकलवरून दारोदार पाव टाकतो. त्याच्या वाटेवरच्या चष्म्याच्या दुकानातून सोन्याच्या फ्रेमा गेल्या. दुकानात रात्री एक तांबूस कुत्रा असतो, नाव रावसाहेब. कुत्र्याने चोर पाहिलाय, तेव्हा चोर कुत्राच ओळखेल, अशी शक्कल इन्स्पेक्टरनी काढली. गल्लीत वावरणारे पुरुष एका ओळीत उभे केले आणि रावसाहेबांना सोडलं. ते सुटले ते थेट पाववाल्याच्या अंगावर, आणि त्याचे हात चाटत बसले. आरोपीने कुत्र्याला आधीच फितवून ठेवलं होतं, असं लिहून इन्स्पेक्टर मोकळे झाले.

तेव्हापासून तो कोठडीत आहे. जामीन राहायला कोणी आलं नाही. शिक्षा झाली तर दोन-तीन वर्षं सहज जातील. तो फारसं बोलत नाही, चोरी केली नाही एवढंच सांगतो. मला त्याचं खरं वाटतं. कागदांच्या नकला सोबत पाठवते आहे, नजर टाक.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
धाकटी

ता. १० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

गुडघा ठीक आहे, जीभ त्याहून ठीक आहे. तुझी वहिनी म्हणते, उद्या एखाद्या खुन्याने कुत्रा पाळलेला निघाला तर वन्संना तोही निर्दोष वाटेल. माझंही मत वेगळं नाही.

एक सांगतो, कुत्र्याला कोर्टात आणू नकोस. मी न्यायाधीश असताना माझ्यासमोर एकदा पुरावा म्हणून बोकड हजर केला होता. त्याने साक्षीदाराचा जबाब खाल्ला, आणि दुसरी नक्कल येईपर्यंत सगळे हात चोळत बसलो. जनावर कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

त्यापेक्षा तू पाठवलेल्या कागदांत दुकानदाराच्या भाच्याचा जबाब आहे, तो बघ. रोज संध्याकाळी कुत्र्याला मी माझ्या हाताने खायला घालतो आणि मग कुलूप लावतो, त्या दिवशीही तसंच केलं, असं तो म्हणतो. कुलूप तर फुटलेलं नाही. पाववाल्याने बनावट किल्ली केली, असं पोलीस म्हणतात, पण ती किल्ली कोणी पाहिलेली नाही.

तब्येतीची हेळसांड नको. कोट धुवायला टाक, मागच्या वेळी त्यावर तुझ्या तिन्ही कुत्र्यांचे केस होते.
तुझा,
दादा

ता. २६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी कुत्र्याला कोर्टात आणलं. रागावू नकोस, पुढे वाच.

ती परेड कोर्टासमोर पुन्हा व्हावी, असा अर्ज मी दिला होता. पाववाल्याला आंघोळ करायला लावून धुतलेला सदरा दिला. पावाचा वास गेला की रावसाहेब त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत, असा माझा हिशेब. रावसाहेबांना सोडलं. ते खरोखरच त्याच्याकडे गेले नाहीत. ते माझ्याकडे आले, माझ्या कोटाच्या खिशात तोंड घातलं आणि घरच्या तीन चौपायी पोरांसाठी ठेवलेली सगळी बिस्किटं मटकावली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅजिस्ट्रेटनी इन्स्पेक्टरना अगदी गंभीरपणे विचारलं, की तुमच्या नियमाने आता वकीलबाईंना अटक करायची का.

हशा पिकला, पण माझं लक्ष कुत्र्याकडे होतं. बिस्किटं संपल्यावर तो एकेकाला हुंगत फिरला, शिपायाला, कारकुनाला, इन्स्पेक्टरनाही. प्रत्येकाकडे शेपूट हलवून झालं. भाच्यासमोरून मात्र खुर्चीसमोरून जावं तसा गेला. रोज खायला घालणाऱ्या हाताशी असं कुठलंही कुत्रं वागत नाही रे!

उलटतपासणीत मी विचारलं, खायला काय घालता. भाचा म्हणाला, वाडगाभर दूध. तशी मागून दुकानदारच उठून बोलला, की दुधाने त्याचं पोट बिघडतं, गेल्या कित्येक वर्षांत आम्ही त्याला दुधाचा थेंब दिलेला नाही. मग भाच्याला कबूल करावंच लागलं. कुत्र्याला तो कधीच खायला घालत नव्हता, आणि त्या संध्याकाळी तर दुकानात गेलाच नव्हता, किल्ली मित्राला दिली होती. फ्रेमा मित्राच्या पलंगाखाली सापडल्या. पाववाला सुटला!

वहिनीला नमस्कार. आता हवं तेवढं रागाव.
तुझी,
धाकटी

ता. ३ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

अभिनंदन. रागावलो नाही. पण वकील खिशात काय ठेवून विसरतो आणि काय न विसरता ठेवतो, हे खुर्चीवरून बघण्यातच माझी सगळी नोकरी सरली. खरं काय ते तू मला सांगू नकोस.

आता त्या कुत्र्याचं काय? असला राखणदार मला नको, असं दुकानदार म्हणतो, ही बातमी इथवर आली. चौथा पाहुणा तुझ्याकडे येणार, असं तुझी वहिनी छातीठोकपणे सांगते.

लवकर लिही, इकडे वाट बघणारी माणसं आहेत.
तुझा,
दादा

ता. १२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खिशाबद्दल तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

रावसाहेबांना मी आणलं होतं, वहिनीचा अंदाज बरोबर. आमच्या तिघांनी त्यांना सामावूनही घेतलं. काल पाववाला दारात आला. मला वाटलं, आभार मानायला आला असेल. तो चपलांकडे बघत म्हणाला, कुत्रा मला द्याल का.

मी चाटच पडले. ह्याच्यामुळे तुम्ही कोठडीत गेलात, राग नाही येत का, असं विचारलं. तेव्हा हा न बोलणारा माणूस बोलला. हा गल्लीत राहणारा नाही म्हणून परेडच्या आधी पोलिसांनी गल्लीतल्या सगळ्यांना विचारलं होतं, म्हणे, ह्याला ओळखता का. शिंपी नाही म्हणाला, औषधवाला नाही म्हणाला, वरच्या मजल्यावरच्या आजी नाही म्हणाल्या. पाव येतो, कोण आणतं ते कधी पाहिलं नाही, असं सगळ्यांचं एकच. हे सगळं त्याच्या समोर, तो तिथे उभा असताना. घाबरली असतील, असंही तोच म्हणाला. मग कुत्रा सोडला. बाई, त्या दिवशी अख्ख्या गल्लीत मला ओळखणारं तेवढं एकच निघालं, असं म्हणाला.

मी पट्टा आणून त्याच्या हातात दिला. मला रडू आलं, ते वहिनीला सांगितलंस तरी चालेल.

तुम्हा दोघांची आठवण येते. पत्राला उशीर करू नका.
तुझी,
धाकटी