थिओडोराचा वर गेलेला हात

प्रिय थिओडोरा,

गुडघा कसा आहे, हे विचारत नाही. बरा असला तरी तू दुखतोयच म्हणणार, शब्दकोड्यांच्या स्पर्धेला स्टॅमफर्डला यावं लागू नये म्हणून! बारा वर्षं ऐकतेय. मी आहे तशीच आहे, तोंडाळ आणि चपळ. गेल्या मार्चमध्ये सातशे जणांत एकोणतिसावी आले. शेजारच्या खुर्चीवरचा गणिताचा प्राध्यापक म्हणाला, "बाई, तुमच्या पेन्सिलीत काय भरलंय हो?" म्हटलं, "चौतीस वर्षं टपालखात्यात लोकांचं कोंबड्याच्या पायांसारखं अक्षर वाचलंय, बाळा. तेच भरलंय."

यंदा आपल्या स्पर्धेवर पुन्हा माहितीपट होतोय. मारिसोल नावाची तरुण दिग्दर्शिका माझ्या स्वयंपाकघरात बसून मक्याचा पाव खात म्हणाली, "या खेळात आपल्यासारख्या काळ्या-सावळ्या बायका पडद्यावर कधी आल्याच नाहीत. तुम्ही पहिल्या." खोटं कशाला बोलू, मी हरखले. जांभळा ड्रेस की निळा, इथपर्यंत पोचले होते. मग तुझा हात आठवला.

बारा वर्षांपूर्वीचा तो जुना माहितीपट बघायला मी चर्चची अख्खी गायनमंडळी घेऊन गेले होते. पडद्यावर तू आलीस, हात वर केलेली. आपल्या स्पर्धेच्या सभागृहात हात एकदाच वर जातो: कोडं सुटलं, पंच हो, या, वेळ लिहा, कागद न्या. सगळ्यांच्या माना अजून खाली आणि तुझा हात वर. त्यावर निवेदकाचा आवाज आला, "काहींना मात्र मदत लागते." लोक हसले. पुढच्याच दृश्यात मी, चार सेकंद, टाळ्या वाजवताना. आपली मंडळी ओरडली आणि मीही फुलून गेले. तू उठून कोट चढवलास. गाडीत मी म्हणाले, "जाऊ दे गं, निदान दिसलो तरी." त्यानंतर तू पुन्हा स्पर्धेला आली नाहीस. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते, थिओ. तेव्हाच माफी मागायला हवी होती. आज मागते.

मारिसोलला मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, "पहिली मी नाही, ती आहे." पोरगी चिवट निघाली. तिनं तेव्हाचं न कापलेलं चित्रीकरण शोधून काढलं आणि परवा आणून दाखवलं. तुझ्या हातामागे मोठं घड्याळ स्पष्ट दिसतंय. त्या कोड्याला दुसरा हात पन्नास सेकंदांनी वर जातो, आणि तो त्या वर्षी एकूण गुणांवर जिंकलेल्याचा आहे. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या, या वेळी योग्य माणसासाठी. मग अट घातली: सुरुवात याच दृश्यानं, घड्याळासकट, नाहीतर दुसरी म्हातारी शोधा. ती कबूल झाली, पण म्हणाली, "हात त्यांचा आहे. परवानगी त्यांचीच हवी."

पत्र त्यासाठी. परवानगीचा कागद सोबत आहे. सही केली नाहीस, तर त्या माहितीपटात मीही नसेन. ते माझं ठरलंय. मात्र स्पर्धेत माझ्या शेजारची खुर्ची तुझ्या नावानं नोंदवलीय, तुला न विचारता. शुक्रवारी सकाळी नऊला तुझ्या दाराशी येऊन हॉर्न वाजवीन. यायचं असेल तर खिडकीतून हात वर कर. त्याचा अर्थ काय, ते या वेळी मी सगळ्यांना सांगेन.

तुझीच, उशिरा तोंड उघडलेली,
व्हर्डेल